लाल फडक्याची सुरई

ऑफिसातल्या साहेबांना रोडगे खायला बोलवायचं ठरलं आणि मधुकररावांच्या घरात चार दिवस दुसरा विषय उरला नाही. रोडग्यांची काळजी नव्हतीच. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात, राखेखाली भाजायचे, हे काम मधुकररावांच्या बायकोचा, प्रेमिलाचा मोठा भाऊ देवराव करणार होता. तो उमरेडकडच्या आपल्या गावाहून वांगी आणि पोतंभर गोवऱ्या घेऊन यायचा, मागच्या परसात लिंबाच्या झाडापाशी खड्डा करून बसायचा, आणि एकदा तो बसला की बाकीच्यांनी नुसती ताटं मांडून वाट पाहायची. अडलं होतं ते पिण्यापाशी.

मे महिना होता. हुडकेश्वरच्या रस्त्याला नवीनच बांधलेलं घर दिवसभर तापायचं आणि संध्याकाळी भिंतीला पाठ टेकवली तर चटका बसायचा. अशात पाहुण्याला काय पाजायचं?

"गुळाचं पन्हं करतो," प्रेमिला म्हणाली. "कैऱ्या दादा आणनच. नाई तं मठ्ठा."

"साहेब पुण्याकडचे आहेत वं. त्यांले मठ्ठा काय पाजतं?"

"काहून? पुण्याले ताक होत नाही का?"

मग संत्र्याच्या स्क्वॅशचा विचार झाला. पण नागपुरात राहून बाटलीतलं संत्रं पाजायचं याची प्रेमिलाला लाज वाटली. सीताबर्डीवरून थंड पेयाच्या बाटल्या आणाव्यात तर घरी फ्रीज नव्हता, आणि बर्फाची लादी एवढ्या लांब येईपर्यंत गोणपाटात पाणीच उरलं असतं. बेलाचं सरबत मधुकररावांना औषधासारखं वाटायचं. शेवटी दोन सुरया आणायच्या, ओलं फडकं गुंडाळून सावलीत ठेवायच्या आणि पन्हंच द्यायचं, असं ठरलं. प्रकरण इथेच मिटलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं.

पण माणूस अडलेला होता. मधुकररावांचं नाव सिरोंच्याच्या बदलीच्या यादीत होतं. सरकारी कारकुनाला सिरोंचा म्हणजे वनवासच, तोही रामाबरोबर सीता नसलेला. नाव गाळणं साहेबांच्या हातात होतं. अडला हरी म्हणतात तसे मधुकरराव साहेबांच्या टेबलापाशी जाऊन आमंत्रण देऊन आले, तेव्हा साहेब चष्मा पुसत म्हणाले, "येऊ की. पण नुसतं पन्हं पाजून परत पाठवू नका हं, मधुकरराव." आणि हसले.

मधुकररावांनाही हसावं लागलं. बाहेर आल्यावर शेजारच्या टेबलावरच्या रुपरावाने त्या हसण्याचा अर्थ सांगितला. हा रुपराव म्हणजे ऑफिसातला सगळ्या बाबतींतला जाणकार, आणि विचारल्याशिवाय सल्ला देणारा.

"साहेबाले संध्याकाळची रम लागते. अन् तुमी त्याले पन्हं पाजून राहिले? मंग बसा सिरोंच्यात, गोदावरीच्या काठी."

"आमच्या घरी ते चालत नाही गा."

"काहून?"

काहून ते मधुकररावांनी त्याला सांगितलं नाही. ते देवरावामुळे होतं.

देवराव एके काळी मोहाची दारू प्यायचा. थोडीथोडकी नाही, पडेपर्यंत. मधुकररावांच्या लग्नात कानपिळीची वेळ आली, नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळून मान घ्यायचा, तेव्हा देवराव गोठ्यात पडलेला सापडला होता. चुलतभावाला उभं करून काम निभावलं. मांडवात लोक हसले, मधुकररावही हसले होते. प्रेमिला मात्र बोहल्यावर खाली मान घालून रडत होती. पुढे बाप गेला तेव्हा देवरावाने सरणापाशी उभं राहून सोडली, आणि ती खरंच सुटली. पहिले सहा महिने त्याचे हात थरथरायचे. खिशात गूळ-फुटाणे ठेवायचा आणि तलफ आली की तोंडात टाकायचा. सात वर्षं झाली होती, तरी भट्टीवरून जाणारी वाट तो टाळायचा, मग पाऊण कोस जास्त चालावं लागलं तरी चालेल. एकदा तो मधुकररावांना म्हणाला होता, "लोक मंतेत, एका घोटानं काय होते. जवाई, माह्यासाठी एक घोट कधी एक घोट नसते. तो उघडलेला दरवाजा असते." प्रेमिलाने तेव्हाच नवऱ्याकडून शब्द घेतला होता, की ह्या घरात थेंब येणार नाही. मधुकररावांना स्वतःला पिण्याची आवड नव्हती, त्यामुळे शब्द द्यायला काही कष्ट पडले नव्हते. न लागणाऱ्या गोष्टीचा शब्द माणूस पटकन देतो.

रुपरावाने तोडही काढली. "गुळाच्या पन्ह्यात रम दिसत नाही. रंगात रंग. वरून विलायची. एक सुरई साहेबाची, एक घरची. वहिनीले कायले समजते?"

सदरमधल्या दुकानातून रमची बाटली आणताना मधुकररावांनी ती दोन वर्तमानपत्रांत आणि वर टॉवेलात गुंडाळली, आणि सायकलवरून येताना रस्त्यातला प्रत्येक माणूस आपल्या पिशवीकडेच बघतोय असं त्यांना वाटत राहिलं. शनिवारी दुपारी प्रेमिला वांगी चिरत होती तेव्हा त्यांनी न्हाणीघरात एका सुरईत बाटली रिकामी केली, वर पन्हं ओतलं, तिला लाल फडकं गुंडाळलं. घरच्या सुरईला पांढरं.

प्रेमिलाने विचारलंच. "हे लाल काहून?"

"ते साहेबांचं आहे. केशर टाकलं त्यात. महाग आहे, उगा सगळ्यांले देत बसू नको."

"केशर कवा आणलं तुमी?"

"आणलं काल."

ती हसली. नवऱ्याने स्वतः होऊन केशर आणलं याचं तिला कौतुक वाटलं असावं. मधुकररावांना ते हसणं बघवलं नाही, ते खुर्च्या मांडायला परसात निघून गेले.

पाच वाजता साहेब आले. लिंबाखाली खुर्च्या, मधे स्टुलावर लाल फडक्याची सुरई, वाढायला रुपराव. पलीकडे दहा पावलांवर देवराव. त्याने गोवऱ्या पेटवून धूर जाऊ दिला होता, निखारे पसरून त्यांत रोडगे मांडले होते आणि आता वर राख ओढत होता. अंगावर बंडी, डोक्याला दुपट्टा, आणि घाम असा की बंडी पिळली तर तांब्याभर निघावा. एकदा रोडगे राखेत गेले की करणाऱ्याने उठायचं नसतं, दोन मिनिटं नजर हलली तर एक बाजू कोळसा होते. म्हणून आपल्याकडे पद्धत आहे, की पंगतीत कितीही मोठा माणूस बसलेला असो, पहिला गिलास विस्तवापाशी बसलेल्याला. त्याचा घसा आधी, मग बाकीचे. ही पद्धत मधुकररावांना माहीत होती. लहानपणापासून त्यांनी स्वतः असे गिलास नेऊन दिले होते. फक्त त्या दिवशी ती त्यांच्या ध्यानात राहिली नाही.

प्रेमिला वांग्याच्या भाजीचा गंज, ते मोठं पातेलं, चुलीवरून उतरवून बाहेर आली. धुराने तिचं नाक-डोळे भरून आले होते, पदराने ती ते पुसत होती. साहेबांना नमस्कार केला, भावाकडे पाहिलं, आणि साहेबांच्या स्टुलावरची लाल फडक्याची सुरई उचलून तिने गिलास भरला.

"पयला माह्या दादाले," ती साहेबांना म्हणाली. "आमच्यात तसं असते."

"अहो, अवश्य," साहेब म्हणाले.

जाता जाता ती मधुकररावांच्या खुर्चीपाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "रागावू नका. केशराचं हाय ना, मंग माह्या भावाले काहून नाही?"

बोलायचं झालं तर तेव्हाच बोलायचं होतं. दहा पावलं होती. "थांब वं, तो गिलास नको," एवढेच शब्द. मधुकररावांच्या जिभेवर ते आलेसुद्धा. पण त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा प्रेमिलाच्या पाठीकडे, आणि आता बोललो तर सगळंच बाहेर येईल, घरात आणलेली बाटली, केशराची थाप, सगळं, हे एका क्षणात त्यांच्या डोक्यातून गेलं. तेवढ्यात गिलास देवरावाच्या हातात पोचला होता. प्रेमिला वळून स्वयंपाकघरात गेलीसुद्धा.

देवरावाने गिलास तोंडाला लावला आणि तो तसाच थांबला. ओठ भिजले असतील नसतील. मग त्याने नजर वर केली, ती नेमकी मधुकररावांच्या नजरेला भिडली. मधुकरराव त्याच्याकडेच बघत होते. खुर्चीच्या काठावर आलेले, तोंड अर्धवट उघडं. त्या चेहऱ्यावर काय लिहिलेलं होतं ते वाचायला देवरावाला शाळेत जावं लागलं नाही.

त्याने दुपट्ट्याने ओठ पुसले, दोनदा पुसले, आणि गिलास गुडघ्यापाशी जमिनीवर ठेवून दिला.

त्यानंतरचा तास-सव्वा तास मधुकररावांना जन्मभर पुरला. साहेबांचा दुसरा गिलास झाला, तिसरा झाला. साहेब धरणांच्या गोष्टी सांगत होते, रुपराव हसत होता. तिकडे देवराव राख ओढत होता, चिमट्याने रोडगे फिरवत होता, आणि तो गिलास त्याच्या गुडघ्यापाशी तसाच होता. नुसतं पाणी मागता आलं असतं. पण पाणी मागितलं असतं तर प्रेमिला म्हणाली असती, आधी हातातलं पन्हं पे ना, माह्या हातचं हाय. मग तो काय सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. एकदा त्याचा हात गिलासाकडे गेला. हात गिलासापाशी थोडा वेळ थांबला, मग देवरावाने चिमटा घेतला आणि चिमट्याने तो गिलास हातभर लांब सरकवला, जसा निखारा सरकवतात. मग खिशात हात घालून काहीतरी तोंडात टाकलं. सात वर्षं झाली तरी खिशात फुटाणे होते, हे मधुकररावांना त्या दिवशी कळलं.

आता उठतो, असं मधुकररावांनी निदान दहा वेळा ठरवलं. उठायचं, पांढऱ्या सुरईतलं पन्हं न्यायचं, तो गिलास उचलून आणायचा. काय मोठं काम होतं? एकदा उठलेसुद्धा.

"बसा हो मधुकरराव," साहेब म्हणाले. "कुठे पळता? तुमच्या त्या सिरोंच्याचं मी बघतो. काळजी करू नका."

आणि मधुकरराव बसले. हे त्यांना पुढे स्वतःला कधी समजावून सांगता आलं नाही.

रोडगे नेहमीसारखेच झाले. साहेबांनी तुपात बुडवून तीन खाल्ले, देवरावाची पाठ थोपटली आणि दिवेलागणीला निघून गेले. रुपराव त्यांना पोचवायला गेला. प्रेमिला ताटं गोळा करत होती तेव्हा मधुकररावांनी पाण्याचा तांब्या भरला आणि परसात आले. देवराव लिंबाच्या बुडाशी उकिडवा बसून गिलास ओतत होता. लिंबाच्या आळ्यात ते तपकिरी पाणी मुरेपर्यंत तो बघत राहिला. मग उठला.

"देवरावभाऊ, पाणी घ्या."

देवरावाने तांब्याकडे पाहिलं, घेतला नाही.

"तिनं गिलास भरला तवा तुमी पाहून राहिले होते," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्या सुकलेल्या घशातून चढलाही नसता. "ओठ लागले तवापासून मी तुमच्याकडंच पाहत होतो, जवाई. मले वाटलं, आता बोलन. आता बोलन."

"साहेब होते," मधुकरराव म्हणाले, आणि ते शब्द कानावर पडल्यावर त्यांना स्वतःचीच किळस आली.

"होते ना. प्रेमिलेले काही सांगू नका. तिनं आपल्या हातानं देल्ला, झुरत राहीन ती."

तो शेवटच्या बसने गावी गेला. त्या घरात तो पाणी प्यायला नाही.

महिन्याभरात सिरोंच्याच्या यादीतून नाव गळलं. पेढे वाटले गेले. मधुकररावांनी त्यांतला एकही तोंडात घातला नाही, पोट बरं नाही म्हणाले. आणि खरंच वर्षभर त्यांचं पोट, झोप, काहीच धड नव्हतं. घरात गिलासात काही ओतल्याचा आवाज झाला तरी त्यांची नजर परसाकडे जायची.

देवराव यायचा बंद झाला नाही, हे त्यातलं जास्त वाईट. राखीला आला, दिवाळीत भाऊबीजेला आला. हसायचा, बोलायचा, जेवायचा. फक्त आता त्याच्याबरोबर एक फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या असायचा, गावच्या विहिरीचं पाणी भरलेला. त्यातलंच प्यायचा. प्रेमिलाने विचारलं तर म्हणाला, "बाप गेला, आता मी बापाच्या जागी. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये मंतेत. आजवर पेलो, आता उमर झाली, पाळावं मंतो." प्रेमिलाला भरून आलं. शेजारच्या अंजनाबाईंना तिने हे दोनदा सांगितलं. "एवढं कोण पाळते आजकाल? माह्या बापानंही एवढं पाळलं नव्हतं." मधुकरराव तिथेच वर्तमानपत्र धरून बसलेले असायचे.

दुसऱ्या वर्षी मेमध्ये पुन्हा रोडगे झाले. साहेबांची आता बदली झाली होती, रुपरावाला बोलावलं नव्हतं, घरचीच चार माणसं होती. पन्ह्याची एकच सुरई होती. प्रेमिलाने पहिला गिलास भरला, मग स्वतःच जीभ चावून म्हणाली, "दादा पेत नाही नं, इसरलीच मी," आणि तो गिलास नवऱ्याला दिला.

तो धरून मधुकरराव उभे राहिले. त्या दिवशी ऊन भलतंच होतं. देवराव विस्तवापाशी होता, आणि रोडगे अर्धे भाजून व्हायच्या आतच त्याने तांब्या तोंडाला लावला, उलटा केला, हलवून पाहिला. संपलं होतं. त्याने फिरकी लावली, तांब्या बाजूला ठेवला आणि चिमटा उचलला. पुढची बस सात वाजता, गाव तिथून दीड तास. त्याचे ओठ पांढरे पडत चालले होते, मागच्या वर्षीसारखेच, आणि खिशात हात जाऊन रिकामा बाहेर आला.

मधुकररावांनी गिलास ओट्यावर ठेवला आणि ते स्वयंपाकघरात गेले. प्रेमिला तूप कढवत होती.

"त्यानं पाणी सोडलं ते बापाच्या जागेसाठी नाही वं," ते म्हणाले. "माह्यामुळं सोडलं."

आणि सगळं सांगितलं. बाटली, न्हाणीघर, केशर. सांगताना एकदाही थांबले नाहीत, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "तू गिलास घेऊन गेली तवा मी पाहत होतो. मले थांबवता आलं असतं. थांबवलं नाही."

प्रेमिलाने तूप उतरवून खाली ठेवलं. तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, तो पालथा केला, पुन्हा उताणा केला.

"पेला होता का तो?"

"नाही. ओठ लागले फक्त. तासभर तसाच बसला."

"माह्या हातानं," ती म्हणाली. मधुकररावांना वाटलं होतं रडेल, ओरडेल, भांडी आपटेल. तसं काही झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. ती परसात गेली, भावाच्या बाजूचा रिकामा तांब्या उचलला. रांजण तिथेच होता, गार पाण्याने भरलेला, वर झाकण, झाकणावर ओगराळं. त्या रांजणावरून ती पुढे निघून गेली. परसाचं मागचं फाटक उघडलं, गल्ली ओलांडली आणि अंजनाबाईंच्या विहिरीवर जाऊन, त्यांच्या बादलीने पाणी शेंदून, तिने तांब्या भरला.

देवराव बघत होता. बहीण कुठल्या दारातून तांब्या घेऊन आली ते त्याने पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला समजलं. तिने तांब्या पुढे धरला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

मधुकरराव स्वयंपाकघराच्या दारातच उभे होते. तिथपर्यंत त्यांना त्याच्या घशाचा आवाज ऐकू येत होता. पुरा तांब्या त्याने एका दमात संपवला, आणि प्रेमिला पुन्हा भरायला शेजाऱ्यांकडे गेली.